गुडघ्यांआड लपलेला श्वास

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आरोग्याच्या कार्यक्रमात कवीनं बोलावं हे जरा विचित्रच आहे. मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर संपला तो संपलाच. तरीही कार्यक्रम अधिकाऱ्यांनी विषय विचारला, तेव्हा मी 'संधिवात आणि फुप्फुसं' असं सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'संधिवात आणि गुडघे म्हणायचंय का तुम्हाला?' त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या घरातसुद्धा बारा-तेरा वर्षं हीच समजूत होती. संधिवात म्हटला की लक्ष गुडघ्यावर जातं आणि तिथंच बसून राहतं. तेवढ्या वेळात दुसरीकडे काय चाललं आहे, ते कळत नाही. ते दुसरीकडचं आज सांगायचं आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला, २००६ साली हा आजार सुरू झाला. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. सकाळी उठल्यावर हाताची बोटं मिटायची नाहीत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागायचा. तास-दीड तासानं, ऊन अंगणात आलं की, बोटं हळूहळू सैल व्हायची. आधी कणीक मळणं सुटलं, मग शिलाई मशीन सुटलं. मनगटं सुजली, पायाची बोटं वाकडी झाली, गुडघे तर कायमचे दुखरे. शेजारपाजारचे म्हणायचे, 'वात आहे, थंड खाऊ नका.'

मराठीत आपण सगळ्यालाच संधिवात म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. उतारवयात गुडघ्याची गादी झिजते, जिना चढताना कटकट वाजतं, तो झिजेचा आजार. तो वेगळा. आपाला झाला तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आयुर्वेदात ज्याला आमवात म्हणतात, त्याच्याशी याची लक्षणं बरीच जुळतात. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि पुढे शेजारचं हाड कुरतडायला लागतं. हातापायांचे लहान सांधे आधी धरले जातात, आणि बहुधा दोन्ही बाजूंचे. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं अधिक होतो. पुणे जिल्ह्यात भिगवण आहे. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी बघायला आपण जातो ते गाव. तिथं १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. त्यात शेकडा अर्ध्याच्या आसपास लोकांना हा आजार असल्याचं दिसलं. म्हणजे दोनशे माणसांत एक. आमच्या गल्लीत साधारण तेवढीच माणसं राहतात.

या आजाराला हे इंग्रजी नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड या डॉक्टरांनी १८५९ साली दिलं. नावं ठेवणं हा आम्हा कवींचा धंदाच, म्हणून सांगतो, एकदा नाव पडलं की माणूस त्या नावाएवढंच बघतो. आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याचा दाह. नावातच सांधा आला. हा आजार रक्तातून सगळ्या शरीरात फिरतो. डोळे, त्वचा, हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसं, कुठंही तो बस्तान मांडू शकतो. पण फुप्फुसं आणि सांधे एकाच आजारानं बिघडतात असं एलमन आणि बॉल या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी लिहिलं ते १९४८ साली, नाव पडल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. मग १९५३ साली वेल्समध्ये कोळशाच्या खाणकामगारांच्या छातीचे एक्स-रे तपासताना अँथनी कॅप्लन या डॉक्टरांना दिसलं, की ज्या कामगारांना हा संधिवात आहे, त्यांच्या फुप्फुसांत गोल गोल गाठी आहेत आणि इतर कामगारांच्या एक्स-रेपेक्षा त्या वेगळ्या आहेत. कोळशाप्रमाणेच दगडाच्या भुकटीनंही असं होतं, आणि ही भुकटी श्वासावाटे घेणाऱ्यांमध्ये मुळात हा संधिवात होण्याचं प्रमाणही अधिक असतं. आपल्याकडे खडी क्रशरवर आणि पाथरवटाच्या कामात किती माणसं नाकातोंडाला काही न बांधता उभी असतात, ते महामार्गावरून जाताना आपण बघतोच.

रेन्वार या फ्रेंच चित्रकाराला हाच आजार होता. १९१५ साली साशा गित्री यांनी काढलेल्या एका फिल्मचा तुकडा आहे. म्हातारा रेन्वार खुर्चीत बसून चित्र काढतोय. हाताची बोटं आत वळून मूठ झालेली. शेजारी उभा असलेला धाकटा मुलगा त्या मुठीत कुंचला नीट बसवून देतो. हा तुकडा मी किती वेळा पाहिला असेल. दर वेळी हातच पाहिले आणि दर वेळी गहिवरलो. त्या तुकड्यात तो सतत सिगरेट ओढतोय, हे माझ्या लक्षात आलं ते आपाच्या आजारपणानंतर.

आता आपाकडे येतो.

आपा मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण वाचायला शिकवते. लग्न झाल्यापासूनचा तिचा तो शिरस्ता आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कुराण वाचताना कुठं थांबायचं याच्या खुणा मजकुरातच दिलेल्या असतात. श्वास तिथं घ्यायचा. मध्येच दम संपून थांबावं लागलं, तर दोन-चार शब्द मागं जायचं आणि तिथून पुन्हा उचलायचं, म्हणजे वाक्याचा अर्थ तुटत नाही. आपा या बाबतीत फार कडक. लांबलचक आयत ती एका दमात म्हणायची आणि मुलींकडूनही म्हणवून घ्यायची.

२०१९ च्या रमजानमध्ये तिची एक विद्यार्थिनी, असेल दहा वर्षांची, माझ्यासमोर आपल्या मैत्रिणीला म्हणाली, 'आपा हल्ली सारख्या मागं जातात.' मी ऐकलं आणि हसलो. म्हणालो, 'अगं, वय झालं तिचं.' अठ्ठावन्न वर्षांची होती ती. अठ्ठावन्न हे काय दम संपायचं वय आहे? दुसऱ्याच्या कवितेत ओळ चुकीच्या जागी तुटली तर मला लगेच कळतं. त्यावर मी संमेलनांमधून व्याख्यानं दिली आहेत. पण माझ्या सख्ख्या बहिणीचा श्वास आयतीच्या मध्ये तुटतोय, हे ऐकू आलं ते त्या पोरीला.

नंतर एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांपूर्वी आपानं वरच्या मजल्यावरची खोली सोडून खाली अंथरूण आणलं होतं. आम्ही म्हटलं, गुडघे. बाजारला जाणं बंद केलं, गुडघे. नमाज तर कित्येक वर्षं खुर्चीवर बसूनच, तेही गुडघ्यांमुळे. फोनवर पूर्वी तासभर बोलायची, ती पाच मिनिटांत 'ठेवते आता' म्हणायला लागली. याचा गुडघ्याशी काय संबंध, हा प्रश्न कुणाला पडला नाही. कोरडा खोकला होताच. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, 'दम को क्या हुआ बाबू, गुडगेच साथ नै देते.' तिलाही तसंच वाटत होतं.

खरी मेख इथं आहे. फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसाला तो पहिल्यांदा कळतो चढावर, जिन्यावर, बस पकडायला धावताना. पण ज्याचे गुडघे आधीच गेले आहेत, तो जिना चढतच नाही, धावत तर नाहीच. दम लागेल अशा पायरीपर्यंत तो पोहोचतच नाही. धाप लागण्याआधी दुखणं त्याला खाली बसवतं. त्यामुळे फुप्फुसं निम्मी निकामी झाली तरी माणूस खुर्चीत बसून शांतपणे सांगतो, की मला दम लागत नाही. तो खोटं बोलत नसतो.

खोकल्यासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी औषधाची बाटली दिली, मग दोनदा थुंकी तपासली. टीबी नव्हता. एक्स-रे काढला, तोही स्वच्छ. त्यांना मी दोष देत नाही. आपल्या देशात खोकला लांबला की आधी टीबी बघायचा हे बरोबरच आहे. त्यातून संधिवाताची बरीचशी औषधं शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी, त्यामुळे अशा रुग्णाला टीबीची भीती इतरांपेक्षा जास्तच. फक्त टीबी नाही असं ठरल्यावर 'मग काय आहे?' हा पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला. आम्हीही पेढे वाटल्यासारखे घरी आलो. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे फुप्फुसं स्वच्छ, असं आम्हाला वाटलं. या आजाराच्या सुरुवातीला साध्या एक्स-रेत काहीच न दिसणं अगदी शक्य असतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या पोरीचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. ईद झाल्यावर आपाला मिरजेला नेलं. छातीच्या डॉक्टर होत्या त्या. त्यांनी गुडघ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला, 'पाच वर्षांपूर्वी काय काय करत होतात, जे आता करत नाही?' आपा आठवून आठवून सांगायला लागली आणि यादी काही संपेना. मग विचारलं, घराजवळ कबुतरं आहेत का? वॉटर कूलर वापरता का? मला वाटलं, ह्या काय विचारतायत! नंतर कळलं. भारतातल्या २७ केंद्रांमधल्या १०८४ रुग्णांची नोंद करून केलेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याकडे फुप्फुसं अशी घट्ट होण्याच्या आजारांत जवळजवळ निम्मे रुग्ण कूलरमधली बुरशी, पक्ष्यांची विष्ठा असल्या गोष्टींच्या अॅलर्जीचे निघाले. संधिवात आणि त्याच्या जातीच्या आजारांमुळे झालेले सुमारे १४ टक्के होते. कारण वेगळं, तर उपायही वेगळा. म्हणून ते प्रश्न.

मग त्यांनी आपाच्या पाठीला, अगदी खाली, बरगड्या संपतात तिथं स्टेथोस्कोप लावला. 'खोल श्वास घ्या,' म्हणाल्या. बराच वेळ ऐकत राहिल्या. मी कवी आहे हे आपानं त्यांना मघाशीच मोठ्या अभिमानानं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे असेल, त्यांनी नळी माझ्या कानांत घातली आणि म्हणाल्या, 'ऐका, कशासारखं वाटतं?' श्वास आत जाताना शेवटी शेवटी बारीक तडतड होत होती. मुलांच्या बुटाचा चिकटपट्टा, तो वेल्क्रो, सावकाश उघडताना होते तशी. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, 'आमच्या पुस्तकातही हाच शब्द आहे.' स्टेथोस्कोप शोधून काढणाऱ्या लेनेक या फ्रेंच डॉक्टरच्या काळी, १८१६ च्या सुमाराला, वेल्क्रो नव्हता. त्यानं छातीतल्या अशा तडतडीला भांड्यात तापवलेल्या मिठाची उपमा दिली होती. चांगली उपमा आहे. हेवा वाटावा अशी.

बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा आपाच्या वाकड्या, थंडगार बोटांवर नीट बसेना. म्हणून कानाच्या पाळीला लावायचा आणला. बसल्या जागी ९६. उत्तम. मग माझा हात धरून तिला व्हरांड्यात चालायला लावलं. दोनदा थांबत, कण्हत चालली. परत आली तेव्हा आकडा ८८ होता. बसून घेतलेल्या आकड्यावर आम्ही किती दिवस निर्धास्त राहिलो असतो कोण जाणे.

शेवटी एचआरसीटी. २०१९ साली हा शब्द मला नवा होता. पुढच्या दोन वर्षांत तो अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाला. पडद्यावर डॉक्टरांनी फुप्फुसांच्या तळाशी, कडेकडेनं पसरलेली एक जाळी दाखवली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते म्हणून तिला नावही पोळ्याचंच आहे. इतक्या वाईट गोष्टीला इतकं गोड नाव कुणी दिलं असेल?

झालेलं असं असतं. फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात आणि त्यांना लगटून केसाहून बारीक रक्तवाहिन्या. दोघांच्या मध्ये मलमलीपेक्षाही पातळ पडदा. प्राणवायू त्यातून झिरपतो. या आजारात त्या पडद्याला आधी दाह होतो, मग जखम भरताना जसा वण धरतो तसा तिथं वण धरत जातो. मलमलीचं कांबळं होतं. फुप्फुस फुगायला कुरकुरतं आणि प्राणवायू पलीकडे जायला वेळ लागतो. बसून असताना रक्त सावकाश वाहतं, तेव्हा चालून जातं. चालायला लागलं की रक्त घाईनं पुढं जातं आणि पुरेसा प्राणवायू न घेताच जातं. याला डॉक्टर आयएलडी म्हणतात, इंटरस्टिशिअल लंग डिसीज. या संधिवाताच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला तो त्रास देण्याइतका होतो. नुसत्या स्कॅनवर दिसणाऱ्या बारीकसारीक खुणा त्याहून पुष्कळ जास्त जणांत सापडतात. याखेरीज फुप्फुसाच्या आवरणात पाणी होणं, गाठी होणं, श्वासनलिका रुंद होऊन त्यात कफ साचणं, असे आणखी प्रकार आहेत. त्यांत शिरत नाही.

दहात एक म्हणजे नऊ जणांना नाही. ऐकणाऱ्या एखाद्या ताईंनी उगाच घाबरून जाऊ नये. पण हृदयविकाराच्या खालोखाल या रुग्णांचा जीव जाण्याचं मोठं कारण फुप्फुसं आहेत, हेही सांगायला हवं.

संधिवात फुप्फुसात का जातो? याच्या उलटाच एक विचार गेल्या वीसेक वर्षांत पुढं आला आहे. काही रुग्णांत आजार फुप्फुसातच सुरू होत असावा आणि तिथून सांध्यांत जात असावा. सिगरेटच्या धुरानं फुप्फुसातल्या काही प्रथिनांत एक लहानसा बदल होतो. एका घटकाच्या जागी दुसरा येतो, बाकी सगळं तेच. पण पहारेकऱ्याला तेवढंही पुरतं. माझं नाव रेशनकार्डावर एक, मतदार यादीत दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं आहे. फरक एकेका अक्षराचा. त्या एका अक्षरापायी मी किती खिडक्यांवरून परत आलो आहे, ते माझं मला माहीत. शरीरातही तसंच. आपलंच प्रथिन, एक अक्षर बदललेलं, आणि यंत्रणा म्हणते, हा आपला नव्हे. त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. सांधे दुखायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी ती रक्तात सापडू शकतात. अँटी-सीसीपी नावाची रक्ततपासणी आहे, ती त्यांचीच.

म्हणून विडी-सिगरेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. गंमत अशी, की हा संधिवात होतो बायकांना अधिक, पण त्यातून फुप्फुसं बिघडतात ती पुरुषांची अधिक. वाढतं वय आणि रक्तात या प्रतिद्रव्यांचं मोठं प्रमाण, हेही धोक्याचे. २०१८ साली एका जनुकाचाही संबंध सिद्ध झाला. आपानं उभ्या जन्मात विडीला हात लावलेला नाही. तरी तिला झालंच.

औषधांबद्दल बोलायलाच हवं, कारण इथं गैरसमज फार. या संधिवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्यामागं एका भारतीय माणसाची कहाणी आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. मद्रासला वैद्यक शिकले, १९२३ साली अमेरिकेला गेले. लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फोलिक अॅसिड बनवलं आणि त्याच्या कामात अडथळा आणणारी औषधंही. १९४८ साली रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर अशा औषधाचा उपयोग जगापुढं आला, त्याच वर्षी सुब्बाराव वारले. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नव्हे. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. आपाची गोळी शुक्रवारची. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक शुक्रवारी हिरवी फुली करायचो.

आपाचं निदान झाल्यावर घरातल्या शहाण्यांनी लगेच निकाल दिला, की या गोळीनंच फुप्फुसं खाल्ली. असं म्हणण्याला थोडा आधार आहे. क्वचित एखाद्याला या गोळीनं, बहुधा पहिल्या वर्षात, फुप्फुसाची तीव्र रिॲक्शन येते. थोड्याच दिवसांत ताप, कोरडा खोकला, धाप. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पण वर्षानुवर्षं हळूहळू वण धरणारा हा आजार या गोळीमुळे होतो, असं अलीकडच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. सांध्यांतला आजार धुमसत राहिला तर उलट फुप्फुसांनाही जाचतो. मनानं गोळी बंद करणाऱ्यांची संख्या आमच्या भागात मोठी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. आपाची औषधं बदलली, पण ती डॉक्टरांनी, सांध्यांच्या आणि छातीच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून. हा फोन फार महत्त्वाचा ठरला. त्याआधी दोन फायली होत्या, गुडघ्यांची वेगळी आणि खोकल्याची वेगळी, आणि दोन्ही एका पिशवीत असून एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

धरलेला वण पुसणारं औषध आजही नाही. वाढणाऱ्या वणाचा वेग कमी करता येतो. निन्टेडानिब नावाची गोळी अशा वाढत्या आजारांत, संधिवाताच्या रुग्णांतही, फुप्फुसाची घसरण मंदावते, असं २०१९ साली मोठ्या चाचणीत दिसलं. तिनं पोट फार बिघडतं. आपाला पहिले दोन महिने ताक-भातावर काढावे लागले. प्रतिकारशक्तीवर काम करणारी दुसरीही औषधं आहेत. कुणाला काय द्यायचं ते स्कॅनवरच्या जाळीचा प्रकार पाहून डॉक्टर ठरवतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी मात्र विचारून घ्याव्यात. अशा फुप्फुसाला साधा न्यूमोनियाही परवडत नाही. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं आम्ही कशी काढली, ते सांगत बसत नाही. आपाच्या दाराशी मी साबणाचं पाणी घेऊन पहारा दिला आणि तिच्या शिव्या खाल्ल्या.

२०२३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितलं, की या संधिवाताच्या ज्या रुग्णांना धोका जास्त आहे, त्यांची फुप्फुसं लक्षणांची वाट न बघता तपासावीत, नळीत जोरानं फुंकायच्या चाचणीनं आणि एचआरसीटीनं. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नये. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात ही सोय नाही, मला ठाऊक आहे. पण पाठ उघडी करून खाली स्टेथोस्कोप लावायला यंत्र लागत नाही. संधिवाताच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून सांगा, 'माझी पाठ ऐका.' कोरडा खोकला महिनाभर राहिला असेल, तर तो गुडघ्याच्या डॉक्टरांनाही सांगा. आणि घरातल्यांनी, 'दम लागतो का?' असं विचारू नये. उत्तर 'नाही' असंच येणार. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं तसं विचारावं, की पूर्वी काय करत होतीस जे आता सोडलंस. गाणं म्हणणारी असेल तर गाणं ऐकावं, अभंग म्हणणारी असेल तर अभंग. करोनाच्या काळात घराघरांत आलेला ऑक्सिजनचा चिमटा कपाटात पडला असेल, तर तो बसून आणि सहा मिनिटं चालून, असा दोन्ही वेळा लावून बघावा. चालल्यावर आकडा तीन-चारनं घसरला, तर वाट बघू नये.

आपा आता पासष्टीच्या घरात आहे. रात्री ऑक्सिजनचं यंत्र लावते. त्याची घरघर तिला आधी सहन व्हायची नाही. आता वीज गेली आणि ते थांबलं की जागी होते. दर चार महिन्यांनी फुंकायच्या चाचणीला जायचं असतं. गेल्या तीन खेपांना आकडा जवळपास तिथंच आहे. डॉक्टर म्हणाल्या, 'हे चांगलं आहे.' पूर्वी 'वाढला' असं ऐकल्याशिवाय मला समाधान व्हायचं नाही.

शिकवणं तिनं सोडलेलं नाही. मोठ्या मुली दुसरीकडे पाठवल्या, कारण लांब सुरे आता तिच्या दमात बसत नाहीत. लहान मुलींना ती शेवटचा पारा शिकवते. त्यातल्या आयती छोट्या आहेत. ती दहा वर्षांची पोर आता कॉलेजात जाते, आणि सुट्टीत आली की आपाच्या शेजारी बसून लांब आयती लहान मुलींना म्हणून दाखवते. आपा बोटानं ओळ धरून ऐकते आणि थांबायची जागा आली की मान हलवते.